पहिलारूचं दूध

डॉक्टर, मोगरी व्यायली.

ही बातमी सगळ्यात आधी तुला द्यायची सवय, म्हणून हात फोनकडे गेला. तुझं नाव काढलं, अंगठा ठेवणार तेवढ्यात आठवलं. मग फोन ओट्यावर उपडा घातला आणि लिहायला बसले. मी मराठी शाळेत शिकले आहे, मला लिहिता येतं, हे तुला कधी पटलं नाही. "फिलूताई, तू बोलतेस तशी लिहायला लागलीस तर कागद पेटेल," म्हणायचीस. पेटू दे.

तुला काय झालं होतं, कुठल्या दवाखान्यात होतीस, शेवटी काय झालं, ते इथे काढत नाही. मुलुंडच्या हॉलमध्ये, तुझ्या फोटोपुढे, सगळ्यांचं ते सांगून झालंय. मला लिहायची आहे ती गोराईची डॉक्टर. बोरिवलीच्या जेट्टीवरून स्कूटरसकट होडीत चढणारी, गमबूट पिशवीत घालून आणणारी. मुलुंडला तुझा दवाखाना होता, तिथे सोसायट्यांमधली कुत्री-मांजरं यायची, त्यावर तुझं घर चालायचं. सुट्टीच्या दिवशी मात्र तू खाडी ओलांडून आमच्या पाखाडीत, या वाडीत, यायचीस आणि इथे लहानथोर सगळे तुला 'डुकरांची डॉक्टर' म्हणायचे. पहिल्यांदा ऐकलंस तेव्हा मी तुझ्या तोंडाकडे बघत होते, रागावतेस की काय म्हणून. तू हसलीस आणि म्हणालीस, "बरोबर आहे की."

मोगरीला दूध आलं का, हे तुला आधी ऐकायचं असणार. थांब जरा. माझं वाक्य तू कधी पुरं होऊ दिलं नाहीस, आज माझी पाळी आहे.

तू आमच्याकडे पहिल्यांदा आलीस ती जुलीसाठी. जुली पहिलारू होती, म्हणजे पहिल्याच वेताची. आमच्यात पोटुशी बाईला कोणी रिकाम्या हाताने भेटायला जात नाही आणि ही माया आम्ही डुकरिणीपर्यंत नेली होती. गाभण आहे म्हटल्यावर पाखाडीतली प्रत्येक बाई काहीतरी घेऊन गोठ्याच्या भिंतीशी हजर. लग्नात तळलेले फुगे, म्हणजे आमचे मैद्याचे गोळे, रस काढून उरलेलं खोबरं, भात, पाव, काळी पडलेली केळी. त्या वर्षी लग्नंही भरपूर होती. जुली खाऊन खाऊन अशी टरारली की उठताना तिला दोनदा विचार करावा लागायचा. आम्हाला कोण कौतुक. शेजारची कातरीन मावशी येणाऱ्या-जाणाऱ्याला बोलावून जुली दाखवायची.

व्यायली, पहिला दिवस बरा गेला. दुसऱ्या दिवशी पिल्लं ओरडायला लागली. सडं भरलेली दिसत होती, पिल्लं ती तोंडात धरायची, सोडायची, पुन्हा धरायची. जुली बिचारी आडवी पडून होती, तिचा काय दोष. कोणीतरी तुझा नंबर दिला. तू आलीस, गमबूट चढवलेस, सरळ चिखलात गुडघे टेकलेस आणि जुलीची कास दोन्ही हातांनी चाचपलीस. मग उभी राहिलीस आणि भिंतीवरून डोकावणाऱ्या सगळ्या बायकांना विचारलंस, "हिला खायला कोण घालत होतं?"

सगळ्यांनी अभिमानाने हात वर केले.

"हे दूध नाही, चरबी आहे," तू म्हणालीस. "पिल्लं पोटात असतात तेव्हाच, शेवटी शेवटी, कासेत दुधाची जागा तयार होत असते. तिथे चरबी येऊन बसली तर दूध कुठे बसणार? तुम्ही हिला प्रेमाने आटवलंत."

कातरीन मावशी काही गप्प बसणाऱ्यांतली नाही. "पोटुशी हाय ती, बाय. तिना काय उपाशी मारायची?"

"उपाशी नाही, मावशी. मापात. आणि भात-पाव घालून अंग सुटतं, कास भरत नाही. समुद्रकाठी राहता आणि जनावराला मैदा घालता? मासळी द्या तिला. सुका जवळा कुटून द्या, पेंड द्या."

त्या वेताची काही पिल्लं तू बाटलीवर जगवलीस, बरीचशी गेली. गेलेली मी टोपलीत भरत होते तेव्हा तू बाजूला उभी राहून टोपलीची दुसरी कडी धरलीस. त्या दिवसापासून मी तुला अहो-जाहो करणं सोडलं. तुझ्या लक्षात आलं होतं की नाही कोण जाणे.

मग तू आम्हाला एक वाक्य दिलंस, ते आता पाखाडीत पोरंसुद्धा म्हणतात: गाभण असताना मूठ आवळायची, पाजताना मूठ सोडायची. आम्ही नेमकं उलटं करत आलो होतो. व्यायली की कौतुक संपलं, मग तिच्यापुढे हॉटेलचं उरलंसुरलं ओतायचं आणि आपल्या कामाला लागायचं. तुझं म्हणणं, भूक खरी तेव्हाच असते. त्यातून पहिलारू म्हणजे स्वतःच अजून वाढती पोर. तिला खायला कमी पडलं तर ती स्वतःचं अंग झिजवून दूध करणार आणि पुढच्या वेताला रिकामी बसणार. हॉटेलचं खाणं उकळल्याशिवाय घालायचं नाही हेही तुझंच. किती कटकट केलीस त्यावरून. मोठं पातेलं तूच आणून दिलंस म्हणून मला बोलता येईना.

पण बायकांची सवय अशी थोडीच मोडते. पुढची गाभण झाली तशी कातरीन मावशी पुन्हा ताट घेऊन आली, पदराखाली लपवून. तू तिथेच होतीस. ओरडशील असं वाटलं होतं. तू हात पुढे केलास. "तिच्यासाठी आणलंय ना? तिचा वाटा माझ्याकडे द्यायचा. डॉक्टरांचा नियम आहे." आणि भिंतीला टेकून उभ्या उभ्या सगळे फुगे खाल्लेस. "अजून आहेत?" असंही विचारलंस.

तेव्हापासून ती रीतच पडली. गोठ्यातली कोणीही गाभण राहिली की तिचे डोहाळे तुझ्या पोटात जायचे. बायका येताना भिंतीवरून त्या गाभणीला म्हणायच्या, "तुझा डॉक्टरना दिला गं, रागावू नको." हसून हसून वाट लागायची. तू जाड झालीस ती आमच्या डुकरिणींमुळे, हे मुलुंडला कोणाला माहीत होतं का?

थोरलीच्या वेळची गंमतही मला लिहायलाच हवी. थोरली आमची जुनी गावठी, काळीकुळकुळीत, कुठलंही ऊन सोसणारी, पण पिल्लं कमी आणि दूध बेताचं. तुझ्या डोक्यात आलं की तिला पांढऱ्या विलायती जातीचं बीज द्यायचं. नर आणायचा नाही, बीज आणायचं. ते तू थर्मासमध्ये घालून आणलंस, मांडीवर धरून, बाळाला धरावं तसं. होडीत एकाने विचारलं, "डॉक्टर, चहा आहे का? घोटभर द्या ना." तू शांतपणे म्हणालीस, "चहा नाही. नवरदेव आहे." ती होडी पलीकडे लागेपर्यंत माणसं हसत होती. परवा मला होडीवाल्यांनी विचारलं, "नवरदेववाल्या डॉक्टर आल्या नाहीत बरेच दिवस." मी त्यांना सांगितलं. एकाने इंजिन बंद केलं.

आपल्या भांडणाची सुरुवात त्या थर्मासपासूनच. मी म्हणायचे, तुझे पांढरे दिसायला गोरेगोमटे, पण ऑक्टोबरचं ऊन लागलं की धापा टाकत पडतात, खाणं सोडतात. जी खात नाही तिला दूध कुठून येणार? तू म्हणायचीस, तुझे काळे कणखर आहेत, कबूल, पण नुसत्या कणखरपणाने पिल्लाचं पोट भरत नाही. मी म्हणायचे अर्धं पांढरं पुरे, आता परत काळ्याकडे वळ. तू म्हणायचीस, अजून एकदा पांढरा, मग बघ कास कशी भरते ती. हे आपण जेट्टीवर भांडलो, फोनवर भांडलो, तुझ्या वाढदिवसाला केक कापताना भांडलो. कातरीन मावशी म्हणाली, "दोघी डुकरांवरून भांडतात, जशा काय मालमत्ता वाटून घेतात."

थोरलीला झालेल्या पिल्लांतून एक मादी ठेवायची होती. मला ती पांढरी आवडली होती, गुलाबी नाकाची. तू एकेक पोरगी उलटी करून तिची सडं बघत बसलीस. ती कर्कश ओरडत होती आणि तू निवांत. शेवटी एक काळी उचललीस, मागचा एक पाय पांढरा. "हिची दोन्ही बाजूंना सात-सात, सरळ ओळीत, एकही आत दबलेलं नाही. आणि थोरलीच्या सगळ्या वेतांतलं हे सगळ्यात भरलेलं वेत. दूध बघायचं तर सडं बघायची, वेत बघायचं, फिलूताई. तोंड कसलं बघतेस?" मी म्हटलं, खाण तशी माती, हे मलाही कळतं, पण रोज सकाळी तोंड मला बघायचंय. तू म्हणालीस, "मग नाव तरी चांगलं ठेव." म्हणून त्या काळ्या पोरीचं नाव मोगरी.

मोगरी वयात आली, माजावर आली. मी लगेच पलीकडच्या आळीतल्या काळ्या नराची चौकशी करायला निघाले तर तू फोनवरच थांबवलंस. "पोरगी वयात आली म्हणून त्याच महिन्यात लग्न लावतेस का? तिचं अंग भरू दे. हा माज जाऊ दे, पुढचाही जाऊ दे." मी चरफडले. नाताळची पिल्लं हातची जाणार होती. पण जुलीची टोपली आठवली आणि थांबले. तिसऱ्या माजाला काळ्या नराकडे नेली, कारण पहिल्या वेताला पिल्लं लहान असलेली बरी, हे तूच मान्य केलंस. माझं तू ऐकलंस असा तो एकच दिवस. पुढचं वेत मात्र पांढऱ्याचं, असंही त्याच दमात म्हणून ठेवलंस. मी हो म्हटलं नव्हतं. हे नीट लक्षात ठेव.

आता ज्या गोष्टीवर तू एकदाच बोललीस ती लिहिते. त्या दिवशी ओहोटी होती, होडी येत नव्हती, आपण जेट्टीच्या पायऱ्यांवर बसलो होतो. मी सहज विचारलं, "तुझे बाबा एकदा तरी येऊ देत की इकडे. दर वेताला तू सांगतेस त्यांना, ते येत कसे नाहीत?"

तू पायातल्या बुटाचा चिखल काडीने काढत होतीस. "दर वेळी 'बघू' म्हणतात. त्यांना लाज वाटते गं. म्हणतात, आमच्या आजोबा-पणजोबांनी गावची मेलेली ढोरं ओढली. ते सोडून आम्ही परभणीकडून इथे आलो, कारखान्यात आयुष्य काढलं, तुला डॉक्टर केलं. आणि तू आपल्या पायांनी डुकरांच्या घाणीत जातेस."

"मग तू काय म्हणालीस?"

"म्हटलं, बाबा, त्यांना ओढायला लावत होते. मला बोलावतात. आणि गेले की बसायला खुर्ची देतात."

मी घरी गेले. ती खुर्ची बघितली. लाल प्लास्टिकची, एक पाय मोडका, मी सुतळीने बांधलेला. तुला कधी एक धड खुर्ची आणावी हे सुचलं नव्हतं मला, आणि त्याच खुर्चीच्या जोरावर तू बापापुढे मान ताठ करून उभी होतीस. त्या दिवशी तुझा इतका अभिमान वाटला मला. आजही वाटतो. हे तोंडावर कधी म्हटलं नाही, कारण आपल्यात भांडायची पद्धत होती, कौतुकाची नव्हती.

तुझ्या पुण्यानुमोदनाला मी मुलुंडला आले होते. बुद्धाच्या तसबिरीपुढे तुझा फोटो, मेणबत्त्या, पांढरी फुलं. फोटोत तू साडी नेसलेली, केस नीट. मला ओळखायला जरा वेळ लागला. सगळे चांगलं बोलत होते. मायाळू होती, हुशार होती, प्राण्यांवर फार जीव होता. माझ्या पुढच्या खुर्चीवर तुझे बाबा बसले होते, पांढरा इस्त्रीचा शर्ट, पाठ सरळ. गावाकडचे कोणी पाहुणे त्यांना हळूच विचारत होते, "प्रज्ञा नेमकी कशाची डॉक्टर होती?"

"कुत्र्या-मांजरांची," बाबा म्हणाले.

मला राग आला, डॉक्टर. त्यांच्यावर नाही, त्या वेळी कोणावर रागवणार? पण गोराईची अख्खी डॉक्टर त्या दोन शब्दांत पुसली गेली असं वाटलं. मग कोणीतरी माईक फिरवत फिरवत माझ्याकडे आणला. मी उठले. इतकी माणसं, इतकी शुद्ध भाषा. मी एवढंच म्हणाले, "मी गोराईची फिलोमिना. प्रज्ञा आमच्या डुकरांची डॉक्टर होती. आमच्या गोठ्यात आज पिल्लं आईच्या दुधावर वाढतात ती तिच्यामुळे. आधी मरायची. आम्हाला सगळ्यांना तिचा अभिमान आहे."

कोणीतरी खोकलं. मी खाली बसले आणि वाटलं, फिलू, तोंडाला कुलूप घालून आली असतीस तर बरं झालं असतं. तुझ्या बाबांनी मागे वळून बघितलं नाही.

जेवणं झाल्यावर मी निघाले तर ते दाराशी उभे होते. माझ्याकडे न बघता म्हणाले, "ते एक जनावर होतं ना. दवाखान्यात पडल्या पडल्या सारखी त्याचंच विचारायची. काय नाव त्याचं, मोगरी. ते व्यायलं का?"

"अजून नाही, काका. व्यायली की कळवते. तुम्ही या."

"बघू," ते म्हणाले.

आता मोगरीचं ऐक.

शेवटचा महिना मी मूठ आवळून धरली. कोंडा, पेंड, कुटलेला जवळा, हिरवा पाला, सगळं तू सांगितलं होतंस त्या मापात. बायका ताट घेऊन आल्या की पंचाईत व्हायची. तिचा वाटा द्यायचा कोणाला? मी म्हटलं, परत न्या. कातरीन मावशी ताट घेऊन भिंतीशी तशीच उभी राहायची, मग घरी जायची. तुला सांगते, तुझं जाणं मला हॉलमध्ये नाही कळलं, त्या परत जाणाऱ्या ताटांमुळे कळलं.

उजाडता उजाडता मोगरीला कळा सुरू झाल्या. ऊन चढेपर्यंत सगळी बाहेर. एक मेलेलं आलं, बाकीची झकास. सगळी काळी-करडी, एकाच्या कपाळावर पांढरा ठिपका. पहिला दिवस चीक सगळ्यांना मिळाला. पण तू म्हणायचीस ना, चीक कोणीही देते, परीक्षा नंतरची. आणि मोगरी खाईना. पातेलं पुढे केलं की तोंड फिरवायची. ऑक्टोबरचं ऊन असं की कौलं तापलेली. मला जुली दिसायला लागली. ही एवढी वाट पाहिली, माज सोडले, मूठ आवळली, आणि आता हिने खाल्लं नाही तर तुझं सगळं सांगणं पाण्यात. त्यात तुझ्या बाबांना निरोप गेला होता. त्यांनी यावं असं मला वाटत होतं आणि या मोगरीपुढे उभं राहू नये असंही वाटत होतं.

मी छपरावर ओली गोणपाटं टाकली. पाणी बदललं. तिन्हीसांजेला, जरा वारा सुटल्यावर, जवळ्याची पातळ पेज केली आणि हातानेच तिच्या तोंडाशी नेली. हुंगली. चाटली. मग पातेल्यात तोंड घातलं ते तळ खरवडेपर्यंत काढलं नाही. दुसऱ्या दिवशी ऊन तेवढंच, पण ती खात राहिली. इथे मात्र माझं काळं रक्त कामाला आलं, डॉक्टर. हे तू कबूल करायला हवं होतंस आणि नेमकी तू नाहीस.

तिसऱ्या दिवशी दुपार कलताना तुझे बाबा आले. एकटेच. पांढरा शर्ट, हातात पिशवी. पिशवीत तुझे गमबूट. म्हणाले, "तिचे आहेत. मला लहान होतात. पण घेऊन आलो." ते बाहेर दगडावर ठेवले आणि आपल्या चपला घालूनच चिखलातून गोठ्यापाशी आले. नाकाला रुमाल लावला नाही त्यांनी. मी बघत होते.

मी खुर्ची आणली. लाल, सुतळी बांधलेली. ते बसायच्या आधी तिच्याकडे बघत राहिले. "यावरच बसायची?"

"हो. दुसरी नाही माझ्याकडे."

ते बसले. हात गुडघ्यांवर, शाळेत बसावं तसे. मोगरी कुशीवर पसरली होती, पिल्लं रांगेने कासेला डोकी लावून ढुसण्या देत होती. शेवटच्या सडाशी एक बारकं होतं, सगळ्यांत किडमिडीत. बाबांनी ते बरोबर हेरलं. "त्याला मिळतंय का?"

"ऐका," मी म्हटलं. मग तू मला शिकवलंस तेच त्यांना सांगितलं. दूध नुसतं बघून कळत नाही, ते ऐकायचं असतं. आधी तिचा हुंकार संथ असतो, पिल्लं नुसती कास मळत असतात. मग हुंकार भरभर येऊ लागतो आणि पिल्लं एकदम गप्प होतात. ती गप्प झाली की समजायचं, दूध उतरलं. फार वेळ नसतं ते, चुकलं की पुढच्या पाळीची वाट. आणि पहिल्या वेताला प्रत्येक सड चोखलं गेलं पाहिजे, जे रिकामं राहिलं ते पुढच्या वेताला आळशी होतं. म्हणून त्या बारक्याला मी शेवटच्या सडाशी रोज नेऊन लावत होते.

आम्ही ऐकत राहिलो. संथ, संथ. बाबांनी मान तिरपी केली, ऐकू कमी येतं ना त्यांना. मग मोगरीचा आवाज बदलला. भरभर, एकावर एक. आणि गोठा शांत झाला. सगळी पिल्लं जागच्या जागी, नुसते गळे हलत होते. बारक्याच्या तोंडाच्या कोपऱ्यातून पांढरा थेंब ओघळला.

"उतरलं," बाबा म्हणाले. मी सांगायच्या आधी.

दूध आलं, डॉक्टर. सगळ्या सडांना आलं.

त्याच वेळी भिंतीशी कातरीन मावशी आली, ताट घेऊन. आता तिला कोण अडवणार, पाजताना मूठ सोडायची ना. गरम फुगे, मोगरीसाठी थोडे, आणि बाजूला वेगळे काढलेले चार. मोगरीचे तिने पातेल्यात टाकले. उरलेले हातात घेऊन सवयीने म्हणाली, "नि हे डॉक्टरचे..." आणि थांबली. तिचा हात तसाच राहिला.

बाबा खुर्चीवरून उठले. "द्या इकडे."

मावशीने त्यांना वरपासून खालपर्यंत बघितलं, तो इस्त्रीचा शर्ट, त्या चिखलाने भरलेल्या चपला. "तुमी कोन?"

"मी डुकरांच्या डॉक्टरचा बाप," ते म्हणाले. चांगलं मोठ्याने म्हणाले, पलीकडच्या घरातून माणसं बाहेर आली. मग भिंतीला टेकून उभ्या उभ्या त्यांनी तुझा वाटा खाल्ला. रडत होते आणि खात होते. मावशी पदराने डोळे पुसत म्हणाली, "अजून हायत, आणते."

संध्याकाळी मी त्यांना जेट्टीपर्यंत सोडायला गेले. गमबूट त्यांनी नेले नाहीत, म्हणाले, इथेच राहू देत, कामाला येतील. होडीची वाट बघता बघता त्यांनी विचारलं, "हिचं पुढचं वेत कधी?"

"पिल्लं दुधापासून तुटली की माजावर येईल. पण नर कुठला हे ठरायचंय. माझं म्हणणं काळाच. आमचा वाद आहे तो, मिटला नाही."

"तिचं म्हणणं काय होतं?"

"पांढरा."

ते खाडीकडे बघत होते. मग माझ्याकडे वळून म्हणाले, "मग पांढराच. ती डॉक्टर होती."

मी तोंड उघडलं, पण होडी आली होती. चढताना पुन्हा मागे वळून म्हणाले, "नवरदेव आणायचा थर्मास आमच्या घरी आहे. कळवा. मी घेऊन येतो."

तेव्हा तू निवांत राहा, डॉक्टर. भांडण सुरूच आहे. तुझ्या बाजूने आता तुझे बाबा उभे आहेत.